रहवाल चालीचं शिंगरू

घोडीवर बसल्याबसल्या झोपायची सवय बार्बाला लागली, त्याला आता चौथं वर्ष होतं. आरेच्या डोंगरात चिंध्या गोळा करत हिंडणारे पुष्कळ, आणि त्यांतले निम्मेअधिक घोड्यावरच डुलक्या काढत. पण ते पुरुष होते, आणि दारूनं झोपत. बार्बा नुसत्या थकव्यानं झोपायची. दोन्ही अंगांना चिंध्यांची पोती, खोगिरापुढं वाडग्यांची टोपली, आणि मधे हनुवटी छातीला टेकलेली ही बाई. रूझ घोडी वाट चुकत नसे, आणि टोपलीतला एक वाडगा फुटू देत नसे. गावात शिरताच ती आपणहून थांबे. मग बार्बा डोळे उघडून ओरडे, "चिंध्याऽऽ! जुनेराला वाडगाऽऽ!"

रूझ रहवाल चालीची होती. एका अंगाचे दोन्ही पाय ती एकदम टाकी, मग दुसऱ्या अंगाचे दोन्ही. दुडकी चालणाऱ्या घोड्यावर माणूस उखळातल्या कुट्टूच्या दाण्यांसारखा कांडून निघतो; रूझच्या पाठीवर मात्र होडीत बसल्यासारखं नुसतं डोलायचं. दिसायला तिच्यात काही नव्हतं. बुटकी, आखूड मानेची, पोट सुटलेली, लालसर तपकिरी केसांची. एके काळी या डोंगरात असलीच घोडी होती. बाजाराला जाणारे, पाद्री, कापडाचे व्यापारी, सगळ्यांच्या बुडाखाली तीच. मग मोर्लेच्या बंदराकडून रुंद रस्ता वर आला, रस्त्यामागून गाड्या आल्या, आणि गाड्यांना मोठी घोडी लागायला लागली. शहरात सरकारनं दाराएवढे उंच घोडे आणून ठेवले. लोकांनी आपापल्या घोड्या त्यांना दाखवल्या, त्यांची शिंगरं थोराड निघाली, दुडकी चालायला लागली आणि चांगल्या भावानं गेली. बार्बाच्या वस्तीत आता जुन्या चालीची एकटी रूझ उरली होती.

चिंध्यांचा धंदा खरा तिच्या नवऱ्याचा, हेरीचा. जळणासाठी दलदलीतली माती कापताना तो एकदा कोसळला आणि त्याचं उजवं अंग लुळं पडलं. तेव्हापासून तो चुलीशेजारच्या कपाटासारख्या, दारं असलेल्या लाकडी पलंगात पडून होता. मुलगी मोर्लेला नांदत होती. मुलगा जहाजावर गेला तो परतलाच नव्हता. म्हणून मग बार्बा खोगिरावर चढली. पन्नाशी ओलांडलेली बाई, चार बाळंतपणांनी कंबर गेलेली. पायी हिंडायचं म्हटलं असतं तर पहिल्याच हिवाळ्यात ती आडवी झाली असती.

त्या वसंतात एका सकाळी गोठ्याकडून रूझचं खिंकाळणं ऐकू आलं. गोठा म्हणजे काय, त्याच घराचं दुसरं टोक. मधे फळ्यांची आडभिंत.

"माजावर आलीय," हेरी पलंगातून म्हणाला. जीभ जड झाल्यापासून तो थोडं बोले, आणि जे बोले ते हुकमासारखं वाटे.

"कळलं. मलाही कान आहेत."

"मातलिनकडं ने."

"कोण मातलिन?"

"केराव्हेलचा. पिठाच्या गिरणीवाला. त्याचा घोडा रहवाल आहे."

"अहो, तो घोडा जिवंत तरी आहे का? आणि ही म्हातारी झाली आता. या वयात कशाला तिला?"

"तुझी आई चाळिशीत व्याली."

"आणि त्यातच गेली," बार्बा म्हणाली.

हेरीनं डोळे मिटले. त्याला राग आला की तो असंच करायचा. दुसरं काही त्याच्या हातात राहिलं नव्हतं. बार्बानं त्याच्या तोंडात कुट्टूच्या लापशीचा चमचा घातला, वर ताक पाजलं, हनुवटी पुसली.

"ने," तो पुन्हा म्हणाला.

बार्बाच्या मनात होतं ते ती कुणाला सांगू शकत नव्हती. ती रूझच्या मरणाची वाट बघत होती. घोडीवर तिचा जीव होता, आपल्या हातानं ती तिला काटेरी झुडपांचे कोवळे शेंडे ठेचून घालायची. पण घोडी गेली की धंदा गेला, आणि धंदा गेला की 'ऊठ, नीघ' म्हणणारं कुणी उरणार नव्हतं. चुलीपाशी बसून राहता आलं असतं. शिंगरू म्हणजे हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दीर लोमिग दुपारी आला. त्याला बातमी आधीच कळली होती.

"वहिनी, दादाचं काय ऐकता? शहरातल्या घोड्याला दाखवा. शिंगरू पोटात असतानाच गिऱ्हाईक दारात येईल."

"आणि त्याच्यावर बसायचं कुणी?"

"बसायचं कशाला? गाडीला जुंपायचं."

"माझ्याकडं गाडी कुठाय?"

"माझ्याकडं आहे की!"

लोमिगचं सगळं बोलणं फिरून फिरून त्याच्या गाडीपाशी येऊन थांबे. पलंगाच्या आतून हेरी काहीतरी बोलला. लोमिगला ते समजलं नाही, बार्बाला समजलं. ती शिवी होती.

दुसऱ्या दिवशी हेरीला शेजारणीवर सोपवून ती निघाली. भुरभुर पाऊस होता, टेकडीवरचं छोटं चर्च धुक्यात गेलं होतं. केराव्हेल खाली, नदीकाठी. सकाळी निघालं तर दुपारी पोचावं इतकं लांब. वाटेत तिला झोप आली नाही. तिच्या डोक्यात एक सोपी गोष्ट घोळत होती. नेहमीच्या गावांतून चिंध्या गोळा करत फिरायचं, आणि घरी येऊन सांगायचं, मातलिनचा घोडा मेला. हेरी काय उठून बघायला जाणार होता? "गेल्या हिवाळ्यातच मेला म्हणे," ती मोठ्यानं म्हणून बघू लागली. रूझनं कान मागं केले. "फोड आला होता म्हणे पायाला." दुसऱ्यांदा म्हटल्यावर ते आणखी खरं वाटलं.

पण फाटा आला तेव्हा तिनं लगाम ओढला नाही, आणि रूझ खाली नदीकडं वळली.

गिरणीच्या अंगणात दोन पुरुष उभे होते. एक मातलिन, भुवयांवर पीठ बसलेला, पोट पुढं आलेला. दुसरा दगडी कुंडात सुरी धूत होता. त्याला बार्बा ओळखत होती. तो तांगी, गावोगाव फिरून जनावरं खच्ची करणारा.

"काय गं, हेरीची बायको ना तू?" मातलिननं विचारलं. "कसा आहे तो?"

"आहे तसाच. चिंध्या आहेत का घरात?"

"चिंध्या! बायको गेल्यापासून माझ्या अंगावर आहेत तेवढ्याच. वाडगा देणार असशील तर काढून देतो."

"नको, झाकलेलंच बरं," बार्बा म्हणाली. तांगी खदाखदा हसला.

"उतर खाली, काहीतरी खाऊन घे," मातलिन म्हणाला. "आमचं जरा काम आहे. हा घोडा आज उरकायचाय."

बार्बा उतरली. म्हणजे प्रश्नच मिटला होता. खोटं बोलायचीही गरज नव्हती. घरी जाऊन खरं तेच सांगायचं: मी पोचले तेव्हा सुरी कुंडात होती. हेरीनं डोळे मिटले असते, दोन दिवस लापशीला तोंड लावलं नसतं, आणि मग लावलं असतं.

मातलिननं गोठ्यातून घोडा काढला. राखाडी रंगाचा, केसांत झुडपांचे काटे अडकलेले, गुडघ्यापाशी जुनी जखम. म्हाताराच म्हणायचा. चिखलातून तो अंगण ओलांडून आला: डाव्या अंगाचे दोन पाय, उजव्या अंगाचे दोन पाय. पाठ अशी स्थिर, की तिच्यावर ताकाचं भांडं ठेवावं. बार्बाची कंबर सकाळपासून ठणकत होती. तो घोडा चालताना बघूनच ती जरा सैल झाली.

"थांबा," ती म्हणाली.

हे आपण बोललो, हे तिला बोलल्यावर कळलं.

"आता काय?" तांगीनं विचारलं.

"घोडी आणलीय मी. माजावर आहे."

मातलिन तिच्याकडं बघत राहिला, मग रूझकडं. "तीन वर्षं," तो म्हणाला. "तीन वर्षं इकडं एक घोडी फिरकली नाही. आणि तू येतेस ती आज. सुरी धुऊन झाल्यावर!"

"मला डोंगरापलीकडं जायचंय," तांगी कुरकुरला. "दोन डुकरं माझी वाट बघताहेत."

"त्यांना काही घाई नसेल," बार्बा म्हणाली.

तांगी कुंडाच्या कठड्यावर बसला आणि त्यानं चिलीम काढली.

पण रूझनं सगळ्यांची फजिती केली. घोडा जवळ आला तशी ती फिरली, आणि तिनं असा काही लाथेचा तडाखा दिला की तो मातलिनच्या मांडीला बसला. घोडा बिचारा चार पावलं मागं जाऊन गवत हुंगायला लागला.

"नवरीला नवरा पसंत नाही," तांगी म्हणाला.

"तिनं बघितलेत कुठं नवरे?" मातलिन मांडी चोळत म्हणाला. "असू दे. उद्या सकाळी बघू."

"उद्या? आणि मी?"

"तू जेव. डुकराचं खारं मांस आहे, सफरचंदाची दारू आहे. मांस तूच आणून दिलंस गेल्या वर्षी."

मग तांगी राहिला. तिघांनी चुलीपाशी बसून जेवण केलं. भाकरी मातलिननं स्वतः भाजली होती आणि ती करपली होती.

"का करतोस खच्ची?" बार्बानं विचारलं.

"मोकळा राहिला की कुंपणं मोडतो. कामाला लावावं तर काम कुठंय? पूर्वी लोक दळण घोड्यावर टाकून आणायचे, आता गाडीनं येतं. मला त्याच्यामागं धावायचं बळ नाही राहिलं."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. पण वाईट वाटून चंदी मिळत नाही." त्यानं भाकरीचा करपलेला काठ मोडून चुलीत टाकला. "तू का आलीस? तुझी तरी काय हौस आहे या वयात?"

"हेरी म्हणाला."

"बस?"

"बस."

सकाळी रूझ मुकाट उभी राहिली. ऊन पडलं होतं, मातलिननं तिची मान धरली होती, आणि सगळं बघता बघता उरकलं. बार्बानं घोडेवाल्यांच्या संताचं, आलारचं नाव घेऊन क्रुसाची खूण केली आणि घाईनं खोगीर कसलं. पुढचं तिला बघायचं नव्हतं. गिरणीच्या वळणापर्यंत ती पोचते न पोचते तोच मागून राखाडी घोड्याचं ओरडणं आलं. रूझ थबकली. बार्बानं तिला टाच दिली. उभ्या आयुष्यात फार क्वचित दिली असेल.

घरी हेरी जागाच होता. "झालं?"

"झालं."

त्याचा चालता हात पलंगाबाहेर आला आणि त्यानं तिचं मनगट धरलं. बराच वेळ सोडलं नाही. पुढचे कितीतरी दिवस तो पडल्या पडल्या बेत करत राहिला. मादी झाली तर ठेवायची. मोठी झाली की तिलाही मातलिनच्याच घोड्याकडं न्यायचं. "नेशील ना?"

"नेईन," बार्बा म्हणाली. सुरीबद्दल ती कधीच बोलली नाही.

रूझ फळली. पानगळ सुरू झाली तसं तिचं पोट दिसू लागलं, आणि बार्बा उतरून पायी चालू लागली. चढावर आधी एक पोतं स्वतःच्या खांद्यावर घेई, मग दोन्ही. लाकडी बुटांत गवत कोंबूनही तिच्या टाचा फुटल्या. वस्तीतल्या बायका म्हणत, "बाया घोडीवर बसतात म्हणे, इथं घोडीच बाईवर बसलीय." बार्बालाही हसू आलं. हसताना कंबरेत कळ आली.

हिवाळ्याअखेर, मेणबत्त्यांच्या सणानंतर हेरीला ताप भरला आणि तो गेला. फार त्रास झाला नाही. शेवटच्या दुपारी त्यानं गोठ्याकडं मान वळवून काहीतरी विचारलं. बार्बाला शब्द कळले नाहीत, तरी ती म्हणाली, "बरी आहे ती." लोमिगच्या गाडीतून त्याला चर्चला नेलं. चाक खड्ड्यात गेलं की पेटी दणकन आपटे, आणि दर दणक्याला बार्बाच्या मनात येई, घोडीवरून नेलं असतं तर एवढे हाल झाले नसते.

तिला दुःख झालंच, पण त्याच्याआधी राग आला. मी मातलिनच्या दारात गेले ती कुणासाठी? लाथ, पोती, फुटलेल्या टाचा हे सगळं कुणासाठी? आणि हा बाप्या शिंगरू यायच्या आधीच निघून गेला.

शिंगरू आलं ते रविवारी, ती प्रार्थनेला गेली असताना. परत येऊन तिनं दार उघडलं तर रूझ पेंढ्यावर उभी, आणि तिच्या पोटाखाली ओल्या लाकडाच्या मोळीसारखं काहीतरी धडपडत होतं. बार्बा टोपी न काढताच खाली बसली. शिंगरानं पाय ताणले, पडलं, पुन्हा उठलं, आणि गोठ्यातून थेट घराच्या मातीच्या जमिनीवर आलं. एका अंगाचे दोन पाय, दुसऱ्या अंगाचे दोन. कुणी शिकवलं नव्हतं. चुलीपर्यंत गेलं आणि पलंगाच्या बंद दाराला नाक लावून उभं राहिलं.

"मादी आहे," बार्बा त्या दाराकडं बघून म्हणाली. "झालं समाधान? आता काय करू मी हिचं?"

लोमिग म्हणाला, विकून टाका, दोन्ही विका. तिनं विकलं नाही. हट्ट किंवा प्रेम असलं काही त्यात फार नव्हतं. विकायला जत्रेला जावं लागलं असतं, दिवसभर उभं राहावं लागलं असतं, लोक दात बघणार आणि थट्टा करणार. त्यापेक्षा दोन वेळा चारा घालणं सोपं होतं. मग चारा घालता घालता वर्षं गेली. तिसऱ्या शरदात रूझ रानात आडवी झाली ती उठली नाही. शिंगराच्या पाठीवर अजून वजन टाकण्यासारखं नव्हतं, म्हणून एक हंगाम बार्बा लोमिगच्या गाडीतून फिरली.

"कसं वाटतं, वहिनी?" पहिल्या दिवशी लोमिगनं ऐटीत विचारलं.

"दात मोजून ठेवलेत. घरी गेल्यावर पुन्हा मोजीन."

आठवड्याभरानं लोमिग स्वतःच म्हणाला, "खरं सांगू? मला रात्रभर कूस बदलता येत नाही." गाडी दणदणत राहिली.

पुढच्या वसंतात तिनं शिंगरावर खोगीर टाकलं. पहिल्या चढावर ती सावध बसली, दुसऱ्या चढावर सैल झाली, आणि उतारावर झोपली. जाग आली तेव्हा मऊ वाऱ्यात पिवळी झुडपं फुललेली होती, वाडगे टोपलीत शाबूत होते, आणि तिला हेरीचा राग येईना.

रूझची ती मादी माजावर आली तेव्हा तिला न्यायचं कुठं? मातलिनचा राखाडी घोडा आता गिरणीमागं नुसता चरत असे. बार्बानं तिला शहरातल्या मोठ्या घोड्याकडं नेलं, कारण दुसरं कुणी नव्हतंच. झालेला नर देखणा निघाला, उंच, काळ्या पायांचा, आणि पहिल्या दिवसापासून दुडकी चालला. मोर्लेच्या जत्रेत त्याच्याभोवती गर्दी जमली. लोमिगची छाती फुगली, जणू तोच व्याला होता. चांगला घोडा होता, खोट काढायला जागा नव्हती. तो नव्या मालकामागून दुडदुडत गेला. बार्बा बघत होती. तिला एवढंच वाटलं, आता घरी जावं.

साठी उलटल्यावर एका पानगळीत तिचे गुडघे रिकिबीत चढेनात. दगडावर उभं राहून चढावं लागे, उतरायला दोन माणसं लागत. एकदा भर बाजारात ती खोगिरावरून उतरलीच नाही, वरूनच चिंध्या घेतल्या, वरूनच वाडगे दिले. त्या दिवशी घरी येऊन तिनं टोपली उलटी करून फळीवर ठेवली.

थोड्याच दिवसांत आझेनोर आली. डोंगराच्या या अंगाची सुईण, चाळिशीची, धिप्पाड बाई. तिचा मोठा घोडा दुडकीनं तिला इतकं हादरवी, की बाळंतिणीपाशी पोचेपर्यंत तिचे हात थरथरत.

"मावशी," ती उंबऱ्याशीच म्हणाली, "मी आडून बोलत नाही. तुमची घोडी मला पाहिजे. काय घ्याल?"

"बस आधी. ताक घे."

आझेनोर बसली, ताक प्यायली. बार्बा चुलीतली राख सारू लागली.

"तिला काटेरी शेंडे ठेचून लागतात," ती म्हणाली. "नुसतं गवत टाकलंस तर खायची नाही."

"ठेचीन."

"पाण्यातून जाताना घाई करू नकोस. ती वास घेते आधी."

"बरं."

"आणि तू झोपलीस तरी चालेल. ती जाते नीट."

"मला झोपून कसं चालेल, मावशी?"

"परत येताना गं. परत येताना तर झोपशील."

आझेनोर हसली. पैशाचं पुन्हा कुणी काढलं नाही. दोघी गोठ्यात गेल्या. घोडीनं आझेनोरचे हात हुंगले, एप्रन हुंगला, आणि तिनं दावं सोडू दिलं.

"नाव काय हिचं?" आझेनोरनं विचारलं.

बार्बा दाराच्या चौकटीला टेकली होती. एवढी वर्षं ती तिला शिंगरू म्हणत आली होती. पाठीवर पोती लादली तेव्हाही शिंगरू, स्वतःचं शिंगरू झालं तेव्हाही शिंगरू. हेरीनं ठेवलं असतं. त्याच्यामागं तिला वेळ झाला नव्हता, किंवा वेळ होता तेव्हा ती झोपली होती.

"ठेवलंच नाही बघ," ती म्हणाली. "राहून गेलं. तू ठेव काय ठेवायचं ते."